बोटीवरचं जेवण आणि नेपच्यूनची गोष्ट

ठाण्याच्या एका वाचक आईंनी विचारलं आहे : दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांसह सगळं घर मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझवर निघालं आहे. सात वर्षांच्या लेकीला शेंगदाणा आणि काजू, दोन्हींची ॲलर्जी. दोन वर्षांपूर्वी काजूकतली खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, सेट्रिझिन दिल्यावर उतरल्या. तेव्हा थोडक्यात निभावलं, म्हणजे तिची ॲलर्जी सौम्यच ना? आणि बोटीवर तिन्ही त्रिकाळ बुफे, तर जेवणाचं काय करायचं?

जेवणाचं बघूच. पण त्याआधी तो ‘सौम्यच ना?’ निकालात काढायला हवा, कारण बाकी सगळी तयारी त्यावर ठरते. गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तरही एका समुद्रसफरीतूनच सुरू झालं.

जुलै १९०१. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांना समुद्राचं विलक्षण वेड. ‘प्रिन्सेस अलिस’ या आपल्या जहाजावर प्रयोगशाळा थाटून ते दरवर्षी अटलांटिकमध्ये संशोधन-सफरी काढत. त्या वर्षी त्यांच्यासोबत पॅरिसचे दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते : नावाजलेले शार्ल रिशे आणि तरुण पॉल पोर्तिए. राजांनी आणि त्यांचे विज्ञान-सहायक ज्यूल रिशार यांनी दोघांना काम सुचवलं ते ‘फिजॅलिया’चं. तिच्या लांबच लांब धाग्यांचा स्पर्श झाला की खलाशी वेदनेनं कळवळत; त्या विषाचा छडा लावायचा होता. ही फिजॅलिया आपल्याला परकी नाही. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत कितीतरी जणांना त्यांनी डंख केले, ती हीच. तिला सगळे जेलीफिश म्हणतात, पण ती जेलीफिश नव्हे. किंबहुना तो एक प्राणीच नव्हे, कामं वाटून घेतलेल्या अनेक जीवांची ती वसाहत आहे.

बोटीवर दोघांनी धाग्यांमधून विष काढलं, प्राण्यांवर तपासलं. पॅरिसला परतल्यावर फिजॅलिया कुठून आणणार? म्हणून समुद्रफुलांचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग पुढे चालू ठेवले. किती मात्रेनं जीव जातो, हे मोजायचं होतं. जे कुत्रे थोड्या मात्रेतून सुखरूप सुटत, त्यांनाच काही आठवड्यांनी पुन्हा टोचलं जाई. त्यांत नेपच्यून नावाचा एक दांडगा, धट्टाकट्टा कुत्रा होता. पहिल्या टोचणीनं त्याला काहीही झालं नाही. तीनेक आठवड्यांनी, तो अगदी ठणठणीत असताना, पुन्हा तेवढंच थोडं विष दिलं. काही सेकंदांत त्याला धाप लागली. तो कसाबसा फरफटला, कुशीवर कोसळला, रक्ताची उलटी झाली आणि २५ मिनिटांत गेला.

जेन्नर आणि पाश्चर यांच्यानंतरचा तो काळ. आधी थोडं टोचलं की शरीर पुढच्या हल्ल्याला तयार होतं, हेच सगळ्यांनी गृहीत धरलेलं. इथे नेमकं उलट घडलं होतं : आधीच्या निरुपद्रवी भेटीनंच शरीराला पुढच्या भेटीसाठी हळवं करून ठेवलं होतं. फेब्रुवारी १९०२ मध्ये दोघांनी मिळून हे जाहीर केलं आणि त्याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ नाव दिलं. १९१३ चं नोबेल मात्र एकट्या रिशे यांना मिळालं. पुढची दहा वर्षं त्यांनी हा विषय लावून धरला आणि पोर्तिए दुसऱ्या वाटेनं गेले, हे खरं. तरीही पहिला शोधनिबंध दोघांचा, बोटीवरचे प्रयोग दोघांचे, आणि पारितोषिकात पोर्तिएंना वाटा नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. मोनॅकोनं १९५३ साली शोधाच्या पन्नाशीनिमित्त टपाल तिकीट काढलं, त्यावर तरी दोघे शेजारी-शेजारी आले. पोर्तिएंची दुसरी कामगिरी तर अजूनच विसरली गेली आहे. पेशीतले मायटोकाँड्रिया हे मुळात आत वस्तीला आलेले जिवाणू असावेत, असं त्यांनी १९१८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांनी ही कल्पना नव्यानं उभी केली आणि आज ती शालेय पुस्तकांत आहे.

नेपच्यूनच्या अंगात नेमकं काय बदललं होतं? त्याचा माग लागला एका माशामुळे. ब्रेस्लाऊमधले (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) डॉक्टर हाइन्झ क्युस्टनर यांना मासे चालत नसत, तेही शिजवलेले. १९२१ साली त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्नित्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्राव आपल्याच पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तिथे टरारून गांध उठली. मासे बिनघोर पचवणाऱ्या माणसाच्या कातडीत तेवढ्या एका ठिकाणी माशाची ॲलर्जी आली होती! म्हणजे दोष रक्तातल्या कशात तरी होता. ते ‘काहीतरी’ हाती लागायला १९६६ उजाडलं. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं आयजीई हे प्रतिपिंड शोधलं. पाठोपाठ स्वीडनमधल्या संशोधकांनीही ते स्वतंत्रपणे गाठलं.

पहिल्या भेटीत शरीर काजूच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवतं आणि ते मास्ट पेशींवर जाऊन बसतं. ही झाली लवंगी फटाक्यांची लावून ठेवलेली माळ. दिसायला शांत, पण उदबत्तीचं टोक लागलं तरी पुरे, आणि आवाज किती होणार हे उदबत्तीच्या आकारावरून सांगता येत नाही. एका खेपेला गांधींवर भागलं, तर पुढच्या खेपेला तेवढ्याच काजूनं श्वासनळी आवळेल किंवा रक्तदाब कोसळेल. त्या दिवशी मुलीला ताप होता का, ती नुकती धावून-खेळून आली होती का, याचाही फरक पडतो. म्हणून त्या आईंना माझं उत्तर स्पष्ट आहे : नाही, मागच्या खेपेवरून ॲलर्जी सौम्य ठरत नाही. तयारी वाईटात वाईट खेपेची करायची.

आता बोट. एका बाबतीत ती जमिनीवरच्या हॉटेलांपेक्षा बरी. स्वयंपाकघर तेच, आचारी तेच, आणि ठरावीक टेबलाची जेवणखोली असली तर वाढपीही रोजचा तोच. आरक्षण करतानाच ॲलर्जी लेखी कळवावी आणि बोटीवर चढल्या दिवशी, पहिल्या जेवणाआधी, रेस्टॉरंट मॅनेजरला मुलीसकट भेटावं. बऱ्याच कंपन्यांमध्ये उद्याचा मेनू आदल्या रात्री दाखवून मुलाचं ताट वेगळं रांधून घेण्याची पद्धत आहे. ॲलर्जीच्या पदार्थांसाठी पुष्कळ व्यावसायिक स्वयंपाकघरांत जांभळ्या रंगाचे चिरण्याचे पाट आणि सुऱ्या ठेवतात. ते आहेत का, हे विचारायला संकोचू नका. उत्तर देणारा क्षणभर गोंधळला, तरी त्यातून बरंच कळतं.

सगळं बिघडतं ते बुफेवर. पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघा. शाही पनीरमधला डाव कुणीतरी साध्या डाळीत बुडवतं. कोशिंबिरीचा चमचा दाण्याच्या चटणीत जातो. आइस्क्रीमचा एकच स्कूप पिस्त्यातून निघून पाण्याच्या भांड्यात बुचकळला जातो आणि तसाच व्हॅनिलात शिरतो. काजूची ॲलर्जी असणाऱ्याला बहुधा पिस्ताही बाधतो, कारण दोघांची प्रथिनं जवळजवळ सारखी. तेव्हा ते व्हॅनिला मुलीसाठी बाद. पदार्थापुढची पाटी कितीही नेमकी असली तरी डावांचा हा प्रवास तिला ठाऊक नसतो. शिवाय काजू दिसेल असाच असतो थोडाच? मलाई कोफ्त्याचा पांढरा रस्सा, उपमा, शिरा, बाहेर मिळणारा बराचसा पेस्तो, सगळीकडे तो आहे. उपवासाच्या पदार्थांत दाण्याचं कूट असतंच. आणि हिरवा ठिपका मांसाहार नाही एवढंच सांगतो, काजू-दाण्यांबद्दल त्याचं काही म्हणणं नाही. मुलीनं बुफेतलं खायचंच तर न सोललेलं केळं, सालीसकट उकडलेलं अंडं, बंद पाकिटातलं सिरीयल. बाकी ताट स्वयंपाकघरातून झाकून यावं.

तळणीच्या तेलाची चौकशी वेगळी करा. कढईतल्या उकळत्या तेलात सगळं ‘मरतं’, हा समज जंतूंपुरता ठीक आहे. शेंगदाण्याची मुख्य प्रथिनं किंवा कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाहीत. आणि शेंगदाणा तेलच असेल तर? १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांवर चाचणी झाली. कच्च्या तेलानं ६ जणांना त्रास झाला, रिफाइंड तेलानं एकालाही नाही, कारण शुद्धीकरणात प्रथिन जवळपास सगळं निघून जातं. लाकडी घाण्याच्या तेलाचं सध्या आरोग्यदायी म्हणून फार कौतुक चालतं. या मुलीसाठी ते सर्वांत धोक्याचं तेल आहे.

काही भीती मात्र सोडून द्याव्यात. शेजारच्या टेबलावर कुणी दाणे खात असलं म्हणून जागा सोडून पळायचं कारण नाही. तीव्र ॲलर्जीच्या ३० मुलांना अमेरिकेत पीनट बटरचा दहा मिनिटं जवळून वास घ्यायला लावला होता. कुणालाही प्रतिक्रिया आली नाही. वास ज्या रेणूंचा येतो, त्यांत प्रथिन नसतं. (कोळंबी किंवा मासे शिजताना उठणाऱ्या वाफेची गोष्ट वेगळी; तिच्यात प्रथिन असू शकतं.) धोका आहे तो खुर्चीच्या हातांवर, डावाच्या दांड्यावर आणि तिथून बोटांवर येणाऱ्या अंशाचा. बुफेच्या दारात सॅनिटायझर असतो, तो चोळला की हात स्वच्छ, असं सगळे धरून चालतात. पण तो दाण्याचं प्रथिन काढत नाही, नुसतं इकडचं तिकडे पसरवतो. साबण-पाणी किंवा ओले पुसणे हेच त्यावर काम करतात. बोटींवर ज्याची नेहमी धास्ती असते, त्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसलाही सॅनिटायझरपेक्षा साबण भारी पडतो. तेव्हा जेवणाआधी आणि नंतर सगळ्यांनीच हात धुवावेत, आजी-आजोबांनीसुद्धा, कारण नातीला घास भरवणारे हात त्यांचे असतात.

इतकं करूनही चूक होऊ शकते. तेव्हा उपाय एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. पोर्तिए आणि रिशे फिजॅलिया गोळा करत होते, त्याच १९०१ साली जोकिची ताकामिने यांनी शुद्ध ॲड्रेनलिनची स्फटिकं मिळवल्याचं जाहीर केलं. ती प्रत्यक्ष मिळवणारे हात होते त्यांचे तरुण सहायक केइझो उएनाका यांचे, आणि त्यांचंही नाव फारसं कुणी घेत नाही. दुखणं आणि औषध एकाच वर्षात जगापुढे यायला निघाली होती, पण दोन्हींची गाठ पडायला मध्ये बराच काळ गेला.

सेट्रिझिन गांधी आणि खाज उतरवतं. बंद होणारा श्वास किंवा पडणारा रक्तदाब त्याच्या आवाक्यात नाही. मँचेस्टरच्या रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अन्नामुळे झालेल्या मृत्यूंत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ ३० मिनिटं निघाला. खुल्या समुद्रात तेवढ्या वेळात किनारा येत नाही, हेलिकॉप्टरही येत नाही. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, ॲड्रेनलिनही असतं. पण दवाखाना सहसा खालच्या मजल्यांवर आणि बुफे अगदी वर. अशा वेळी लेकराला उचलून लिफ्टकडे धावावंसं वाटणं स्वाभाविक आहे. ते करू नका. पम्फ्री यांच्याच नोंदींत एकदम उभं केल्यावर किंवा बसवल्यावर काही क्षणांत दगावलेले रुग्ण आहेत, कारण हृदयाकडे परतणारं रक्त पायांतच अडतं. इंजेक्शन द्यायचं, आडवं झोपवून पाय उंच करायचे (धाप लागत असेल तर पाय पसरून बसवायचं) आणि डॉक्टरांना तिथे बोलवायचं. उतार नसेल तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरं इंजेक्शन. म्हणून सोबत दोन हवीतच. बरं वाटल्यावरही काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, तेव्हा दवाखान्यात देखरेखीखाली राहायचं.

अडचण आहे ती मिळण्याची. तयार पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. पुष्कळ पालक परदेशातून मागवतात. ते जमलं नाही, तर मुलांच्या ॲलर्जीतज्ज्ञांकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्यावी, ॲम्प्युल आणि सिरिंज वापरायला रीतसर शिकून घ्यावं, आणि तेही घरातल्या किमान दोघांनी. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात फवारायच्या ॲड्रेनलिनला मान्यता मिळाली. ते आपल्याकडे सर्रास मिळू लागलं, तर सुईला बिचकणाऱ्या आजोबांनाही ते देता येईल. औषध डेकवरच्या उन्हात तापू देऊ नये, फ्रिजमध्येही ठेवू नये. गोव्यात उतरलात किंवा लक्षद्वीपला छोट्या होडीतून बेटावर गेलात, तरी ते मुलीच्या सोबतच्या माणसाच्या पिशवीत हवं, केबिनमध्ये नाही.

पत्राच्या शेवटी त्यांनी आजोबांचाही उल्लेख केला आहे. हेल्थ पॅकेजमधल्या एका तपासणीत त्यांना गहू, दही आणि केळं यांची ‘ॲलर्जी’ निघाली, म्हणून त्यांचंही जेवण वेगळं सांगायचं का? अहवालात मोजलं आहे ते आयजीजी, आयजीई नव्हे. एखाद्या अन्नाविरुद्धचं आयजीजी म्हणजे ते अन्न तुम्ही खात आला आहात, एवढीच नोंद. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नका असं स्वच्छ सांगितलं आहे. आयजीई सापडलं तरीही निदान पक्कं होत नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध ते होतं, पण संभाव्य अन्न-ॲलर्जी १.२ टक्क्यांनाच. खाल्ल्यावर त्रास झाल्याचा इतिहास आहे का, हा प्रश्न पहिला. आजोबांना तसं कधीच काही झालेलं नाही. त्यांनी पोळी, दहीभात आणि केळं खुशाल खावं. स्वयंपाकघराला खऱ्या ॲलर्जीचं एकच नाव सांगा, नातीचं. म्हणजे आचाऱ्यांचं लक्ष तिच्या ताटावरून हलणार नाही.