पेट्रोल फिल्टर बदलताय? नळी सांभाळा!

जुन्या एमपीएफआय गाड्यांत फिल्टर लाइनवर असतो. तो टाकीत असेल तर घरी नादी लागू नका.

इंजिन चालू असताना लाइनमध्ये साधारण 3 बार दाब असतो, बंद केल्यावरही तो टिकतो. म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

खरी गोची नळीच्या जोडावरच्या क्लिपमध्ये. मातीने ती चिकटते, आपण वैतागून स्क्रूड्रायव्हर घालतो आणि प्लास्टिकची नळी तडकते. (मी तडकवलीय!) आधी ब्रशने माती झाडा, जोड फिल्टरकडे किंचित ढकला, क्लिप दाबा, मगच सरळ ओढा. नट असेल तर दोन पाने लावा, नाहीतर धातूची नळी पिळवटते.

नवा फिल्टर बसवताना त्यावरचा बाण इंजिनाकडे. फ्यूज-बॅटरी जोडून दोन-तीनदा चावी ऑन करा, गळती बघा. आणि हो, बिडीवाल्या काकांना लांब बसवा!