अठ्ठाविसाव्या वर्षीचं पदार्पण

राहुल भेके भारताच्या फुटबॉल संघाकडून पहिला सामना खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. ५ जून २०१९, थायलंडमधलं बुरीराम, किंग्ज कप, समोर कुरासावचा संघ. इगॉर स्टिमाच यांचाही भारताचे प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच सामना. भारत ३-१ असा हरला. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती सुनील छेत्रीची, कारण १०८वा आंतरराष्ट्रीय सामना खेळून त्याने बायचुंग भुतियाला मागे टाकलं होतं. त्याच सामन्यात मुंबईच्या एका बचावपटूनं अंगात निळी जर्सी घातली, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बचावपटूच्या वाट्याला असंच येतं, असं म्हणून पुढे जाता येईल. पण विशीत व्हायची गोष्ट अठ्ठाविसाव्या वर्षी का झाली, हे कोडं तेवढ्यानं सुटत नाही. त्यासाठी भेकेपेक्षा त्याच्या शहराकडे आधी पाहावं लागतं.

पण त्याआधी सरळ वाट कशी असते ते गोव्याच्या महेश गवळीकडे पाहून कळतं. १९८० चा जन्म, जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडण, आणि विशीतच राष्ट्रीय संघाच्या बचावफळीत जागा. १९८७ साली सुरू झालेल्या या अकादमीनं देशाला कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग, दीपक मंडल, सुब्रत पॉल असे खेळाडू दिले. गवळी २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्ये होता. पुढे डेम्पोचा आधारस्तंभ झाला आणि २०११ च्या आशियाई चषकापर्यंत भारताकडून खेळला. हेरलं लवकर, घडवलं एका जागी, आणि बाहेर पडल्यावर त्याला घ्यायला मोठे क्लब तयार होते. या तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला येणं आपल्या देशात दुर्मीळ.

भेके ज्या मुंबईत वाढला तिथली व्यवस्था वेगळीच होती. या शहराचं फुटबॉल कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या जिवावर चाललं. मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, बँका, रेल्वे. चांगला खेळलास की नोकरी, आणि नोकरी लागली की घरचे गप्प. कूपरेजचं मैदान, हार्वुड लीग, नाडकर्णी कप हे या मंडळींचं जग. १८९१ पासूनचा रोव्हर्स कपही इथलाच. भेके विशीत आला तोवर हे जग ढासळू लागलं होतं. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद करण्यात आला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून आय-लीगबाहेर गेले. आता सगळं व्यावसायिक होणार, असं तेव्हा मोठ्या उत्साहानं सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात मुंबईच्या पोरांच्या शिडीच्या दोन-तीन पायऱ्या एकदम निखळल्या, आणि त्या जागी नव्या बसवायचं कुणाला सुचलं नाही.

त्यामुळे भेकेला शहर सोडावं लागलं. कोलकात्यात ईस्ट बंगाल, मग २०१५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) केरळ ब्लास्टर्स, २०१६ मध्ये पुणे सिटी. त्या काळी आयएसएल दोन-अडीच महिन्यांत उरकायची, त्यामुळे एकच खेळाडू वर्षभरात दोन क्लबांकडून खेळायचा. प्रत्येक ठिकाणी नवा प्रशिक्षक, शेजारी नवा परदेशी सेंटर-बॅक, बचावाची नवी पद्धत. गोलरक्षक आणि सेंटर-बॅक यांची भाषा जुळायलाच एक मोसम जातो, हे ज्यांनी संघ चालवला आहे त्यांना ठाऊक आहे. अशा धावपळीत बचावपटू टिकतो, पण त्याचा खेळ फारसा वाढत नाही.

२०१७ मध्ये बंगळूरु एफसीनं त्याला घेतलं आणि पहिल्यांदाच त्याला एका जागी चार वर्षं मिळाली. आधी अल्बर्ट रोका, नंतर कार्लेस कुआद्रात हे दोन स्पॅनिश प्रशिक्षक. तिथं तो मुख्यतः राईट-बॅक खेळला. लांबचा थ्रो-इन हे त्याचं हत्यार होतंच, कॉर्नरला पुढे जाऊन हेडर मारण्याचं अंगही तिथंच उघड झालं. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं आधी गोल केला, तेव्हा बरोबरी साधून दिली ती भेकेनं, आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध. बंगळूरु ४-१ जिंकलं.

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट मात्र कडू होती. १७ मार्च २०१८ ला स्वतःच्या मैदानावर बंगळूरु आयएसएलचा अंतिम सामना चेन्नईयिनकडून ३-२ असा हरलं. चेन्नईयिनचे दोन गोल केले मैलसन आल्वेस या बचावपटूनं, दोन्ही हेडर, दोन्ही कॉर्नरवर. बरोबर एका वर्षानं, १७ मार्च २०१९ ला, बंगळूरु पुन्हा अंतिम सामन्यात होतं. या वेळी अंधेरीच्या मैदानावर, एफसी गोवाविरुद्ध. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला रेड कार्ड. ११७व्या मिनिटाला दिमास देलगादोनं कॉर्नर घेतला आणि भेकेनं डोकं लावलं. सामन्यातला तेवढा एकच गोल. आदल्या वर्षी ज्या हत्यारानं बंगळूरुला घायाळ केलं तेच त्यांनी उचललं होतं, आणि ते चालवणारा होता मुंबईचा मुलगा, मुंबईत. क्लबच्या आखणीला याचं श्रेय द्यायलाच हवं. कॉर्नरवरचे गोल नशिबानं होतात असं मानणाऱ्यांनी या दोन सामन्यांची चित्रफीत शेजारी-शेजारी लावून पाहावी.

तीन महिन्यांच्या आत बुरीराम आलं. त्या एका गोलमुळे निवड झाली असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, पण त्या गोलशिवाय अठ्ठाविसाव्या वर्षी कुणी वळून पाहिलं असतं का, याची मला शंका आहे.

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीत, म्हणजे घरी परतला आणि सेंटर-बॅक झाला. वय वाढलं की बचावपटू कडेकडून मध्यभागी सरकतो. पाय थोडे मंदावतात, पण खेळ वाचता येऊ लागलेला असतो. पुढच्याच वर्षी एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी संघ रियाधला गेला. पहिल्या सामन्यात अल शबाबनं ३-० नं झोडपलं. ११ एप्रिल २०२२ ला इराकच्या हवाई दलाच्या क्लबविरुद्ध मुंबई पुन्हा मागे पडली. दिएगो मौरिसिओनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि पाचच मिनिटांत जाहूच्या कॉर्नरवर भेकेचा हेडर जाळ्यात गेला. होय, तोच जाहू, तीन वर्षांपूर्वी समोरच्या बाजूला असलेला. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबानं जिंकलेला हा पहिला सामना. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीनं आयएसएल चषक उचलला, तेव्हा कर्णधार भेके होता.

राष्ट्रीय संघातही त्याची खरी वर्षं तिशीनंतरची. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात तो संदेश झिंगनच्या जोडीला मध्यभागी होता. ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत गोल करू दिला नाही, पण शेवटी भारत तिन्ही सामने हरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध त्याने भारतासाठी पहिला गोल केला, चौतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध दुसरा. दोन्ही हेडर, दोन्ही ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर. मालदीवच्या सामन्यातही मथळे गेले ते निवृत्ती सोडून परतलेल्या छेत्रीकडे! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स कपच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानविरुद्ध पेनल्टी शूटआऊट झालं. भारताच्या तीन यशस्वी फटक्यांत एक भेकेचा होता. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळला. तो क्लबही २०१७ पासून नाही.

असे क्लब बंद पडले तरी अकादम्या उघडल्या की खेळाडू आपोआप तयार होतील, असा आपल्याकडे समज आहे. लखनऊचं उदाहरण घ्या. हजरतगंजजवळचं मोठं मैदान के. डी. सिंग ‘बाबू’ यांच्या नावाचं. १९५२ मध्ये हेलसिंकीला हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे ते कर्णधार. २ सप्टेंबर २०२४ ला या मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल भिडले, ईस्ट बंगाल पेनल्टींवर जिंकलं, आणि पाहुणे परत गेले. याच शहरात गुरू गोविंद सिंग स्पोर्ट्स कॉलेज आहे. वसतिगृह आहे, शिक्षक आहेत, सुरेश रैना तिथूनच घडला. तरी वीस कोटींच्या राज्यातून राष्ट्रीय संघात पोचलेले फुटबॉलपटू शोधावे लागतात, कारण शिकून बाहेर पडलेल्या मुलाला दर आठवड्याला खेळवणारे क्लब जवळपास नव्हते. वाराणसीचा इंटर काशी उभा राहिला तो २०२३ मध्ये.

महाराष्ट्राची स्थिती याहून बरी, पण फार बरी नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. म्हणजे सतराव्या वर्षापर्यंत मुलगा पोचवता येतो. गळती होते ती त्यानंतर. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांच्या सामन्याला गर्दी उसळते, पण त्या गर्दीसमोर चमकलेल्या पोराला पुढची पायरी राज्यात सापडत नाही. मग तो नोकरी धरतो किंवा गुडघा दुखावून घेतो. भेके यातून वाचला तो चिवटपणामुळे, आणि त्याला गाव बदलत राहणं परवडलं म्हणून. एवढ्यावर कोणत्याही राज्यानं आपलं फुटबॉल सोडू नये.

गवळी पुढे राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. २०२३ मध्ये सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना भारतानं कुवेतविरुद्ध जिंकला तेव्हा निलंबित स्टिमाच यांच्या जागी मैदानाकडेला तोच उभा होता. अकादमीतून आलेल्याला अशी जागा सहज मिळते. भेकेची बूट काढायची वेळही आता फार लांब नाही. त्या दिवशी राज्य संघटनेनं त्याचा सत्कार जरूर करावा. पण त्याआधी १९ ते २५ वयाच्या मुलांना वर्षाला निदान तीस सामने मिळतील अशी राज्य लीग उभी करावी, आणि बंद पडलेल्या कंपनी संघांच्या मालकांना त्यासाठी पुन्हा एकदा जाऊन भेटावं.