पडद्यावरची मस्तानी, घरातली काशीबाई

मैत्रिणींनो, २०१५ साली आलेला 'बाजीराव मस्तानी' तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. काय तो आईनेमहाल, काय ते दागिने! त्यात काशीबाई आणि मस्तानी मिळून पिंगा घालतात. पेशव्यांची पत्नी अशी चारचौघांत नाचेल का, म्हणून तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला होता. मला मात्र निराळीच रुखरुख लागली.

राजाचं प्रेम पाहून आपण डोळे पुसत घरी येतो. पण त्याच्या घरच्या लक्ष्मीचं काय?

काशीबाई ही चासच्या सावकार जोशांची लेक. १७३४ साली तिला रघुनाथराव झाले आणि त्याच वर्षी मस्तानीला समशेर बहाद्दर. एकाच वर्षी दोन पाळणे! सांगा बरं, सोपं का होतं ते? २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. पाठोपाठ मस्तानीही गेली. मागे राहिला सहा वर्षांचा समशेर. त्याला काशीबाईनेच सांभाळलं असं सांगतात. पुढे १७६१ साली पानिपताच्या युद्धात तो पेशव्यांसाठी लढून कामी आला.

मस्तानीची तरी चूक काय म्हणा! दोघींनीही सोसलंच. तेव्हा सिनेमा जरूर पाहा, पण घरी आल्यावर लेकीला काशीबाईची गोष्टही सांगा. फक्त 'बाईनं असंच सोसावं' हे तात्पर्य तेवढं तिला शिकवू नका.