गिअर अडतो? आधी गिअरबॉक्स उघडू नका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याभोवतीच्या कोंडीत मॅन्युअल गिअरची मोटार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते. रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो असो की चाकणची सहा गिअरांची व्हर्टस जीटी, हौसेने घेतलेल्या या वेगवान मोटारींच्या क्लचची परीक्षा हमरस्त्यापेक्षा इथेच होते. मग गिअर अडू लागतो, खरखर होते आणि लगेच निष्कर्ष निघतो की गिअरबॉक्स गेला. तो उतरवणे हे मोठे आणि महागडे काम. त्याआधी उभ्या मोटारीत, काही न उघडता, बरेच कळू शकते.

गैरसमज १ : गिअर जड झाला, म्हणजे गिअरबॉक्स खराब.
वस्तुस्थिती : हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. मग न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून तेच करा. बंद इंजिनवर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खरखर झाली, तर संशय बळावतो. इंजिन बंद असतानाही गिअर जडच असतील, तर आधी गिअरची केबल, लिंकेज आणि बुश तपासायला सांगा.

गैरसमज २ : क्लच सुटत नाही, म्हणजे क्लचप्लेट झिजली.
वस्तुस्थिती : झिजलेली प्लेट घसरते. वरच्या गिअरमध्ये जोरात रेस दिली की इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. क्लच न सुटण्याचे कारण अनेकदा हायड्रॉलिक भागात असते. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडला, तर नळीत हवा शिरली असावी किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचे सील गेले असावे. बऱ्याच मोटारींत क्लच आणि ब्रेकचे ऑइल एकाच टाकीतून येते आणि ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नव्याने २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात भाजणाऱ्या शहरात हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्यात कुचराई नको.

गैरसमज ३ : खरखर झाली, म्हणजे गिअरचे दात तुटले.
वस्तुस्थिती : पुढे जाण्याच्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. गिअर टाकताना सरकते ती स्लीव्ह, आणि तिचा व गिअरचा वेग जुळवते सिंक्रोनायझर रिंग. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही सोय आणली. म्हणून खरखर कोणत्या गिअरला होते, हे महत्त्वाचे. फक्त दुसऱ्याला होत असेल, तर त्याची रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी. सगळ्यांनाच होत असेल, तर आधी क्लचकडे बघा.

गैरसमज ४ : जाड किंवा ‘वरच्या दर्जाचे’ ऑइल घातले की गिअर सुधारतो.
वस्तुस्थिती : जानेवारीच्या गारठ्यात पहिली काही मिनिटे गिअर जड वाटणे स्वाभाविक आहे, कारण ऑइल थंडीने घट्ट होते. जाड ऑइलने हा त्रास वाढेल. जीएल-५ हे जीएल-४ च्या पुढचे, म्हणून अधिक चांगले, हेही खरे नाही. सिंक्रोनायझरला ठरावीक घर्षण लागते. जीएल-५ मधली द्रव्ये ते बिघडवू शकतात आणि काही पितळी रिंगांना अपायही करू शकतात. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच ऑइल घाला.

गैरसमज ५ : दोष यंत्राचा; चालवण्याच्या सवयीचा काय संबंध?
वस्तुस्थिती : उरवाई दरवाज्याकडून किल्ल्यावर चढताना मोटार अर्ध्या क्लचवर रोखून धरली की प्लेट तापते. पाय सतत क्लचवर टेकल्याने रिलीज बेअरिंग झिजते. गिअरच्या दांड्यावर हात विसावल्याने आतल्या सिलेक्टर फोर्कवर दाब राहतो. चढावर हँडब्रेक वापरा.

मेकॅनिककडे जाताना चार गोष्टी लिहून न्या : कोणता गिअर अडतो, इंजिन थंड असताना की गरम, चालू असताना की बंद, आणि पेडल पुन्हा दाबल्याने फरक पडतो का. ही उत्तरे हाती असली, तर गिअरबॉक्स उतरवण्याची गरज खरोखर आहे का, हे तुम्ही ठामपणे विचारू शकाल.