विहिरीच्या पाण्यावर तेलाचा थर

नायजेरियाच्या दक्षिणेस, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओगोनीलँड नावाचा मुलूख आहे. विस्तार सुमारे १,००० चौरस किलोमीटर. वस्ती २००६ च्या जनगणनेनुसार आठ लाखांहून अधिक. शेती आणि मासेमारी ही तेथील लोकांची पिढीजात उपजीविका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या तज्ज्ञांनी तेथील निसिसिओकेन ओगाले या गावच्या भूजलाची तपासणी केली, तेव्हा पाण्यावर ८ सेंटीमीटर जाडीचा शुद्ध केलेल्या तेलाचा थर तरंगताना आढळला. गावच्या विहिरींना याच भूजलाचा आधार होता. विहिरींतील बेंझिन या कर्करोगकारक द्रव्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक भरले. कुटुंबे मात्र तेच पाणी पीत होती.

तेलगळती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा पाण्यावरचा काळा तवंग आणि त्यात माखलेली खारफुटी यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिली. समुद्रावरचे तेल दिसते, म्हणून त्याची दखल तरी घेतली जाते. जमिनीत मुरलेले तेल दिसत नाही, आणि दिसत नाही ते नाहीच असे मानण्याची सोय सर्वांनाच हवीशी असते.

वास्तविक माती म्हणजे नुसती धूळ नव्हे. तिच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळत असते, आणि त्यांवर मुळे व असंख्य सूक्ष्म जीव जगत असतात. कच्चे तेल सांडले की ते प्रत्येक कणाभोवती लेप धरते. पोकळ्या बुजतात, मुळे गुदमरतात, पावसाचे पाणी आत न जिरता वरून वाहून जाते. तेल खाऊ शकणारे जीवाणू मातीत असतात हे खरे. परंतु एवढे अन्न अकस्मात पुढ्यात आल्यावर ते मातीतील प्राणवायू आणि नत्र झपाट्याने संपवतात, आणि उरल्यासुरल्या पिकाचीही उपासमार होते. तेलातील हलका भाग उडून जातो किंवा पाण्याबरोबर खाली उतरतो. जड भाग डांबरासारखा घट्ट होऊन वर राहतो. ओगोनी लोकांचे एक मुख्य अन्न म्हणजे कसावा, ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा तयार होतो. तेल पडलेल्या शेतातील हा कंद खाण्याच्या लायकीचा राहत नाही, आणि पुढे पुन्हा लागवड केली तरी झाडे खुरटी व उत्पन्न कमी, असेच तज्ज्ञांना आढळले.

संयुक्त राष्ट्रांचा हा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ महिने काम चालले. २०० हून अधिक ठिकाणे पाहिली गेली, मातीचे व पाण्याचे ४,००० हून अधिक नमुने तपासले गेले. त्यातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष एका जुन्या समजुतीविषयी आहे. या प्रदेशात पृष्ठभागाखाली चिकणमातीचा थर आहे, तो तेल अडवतो आणि भूजल सुरक्षित राहते, असे मानले जात असे. प्रत्यक्षात असा सलग थर नाहीच. ४९ ठिकाणी तेल ५ मीटर किंवा त्याहून खोल पोहोचलेले होते.

या एका समजुतीवर सफाईची सारी पद्धत उभी होती. तेल पडलेली जमीन वरवर नांगरून उलथापालथ करायची, हवा व खते मिळाली की जीवाणू उरलेले काम करतील, अशी ती पद्धत. मुसळधार पावसाच्या मुलखात त्या सैल मातीतून तेल आणखी खाली जाणारच. तेल कंपनीने सफाई पूर्ण झाल्याचे सांगितलेल्या १५ ठिकाणांची फेरतपासणी झाली, तेव्हा १० ठिकाणी प्रदूषण मर्यादेबाहेर निघाले. कर्जखात्यावर ‘वसूल’ असे लिहिल्याने रक्कम तिजोरीत येत नाही, तसेच हे. एजामा-एबुबू येथे तर यादवी युद्धाच्या काळातील गळतीचे तेल वारंवार सफाई करूनही ४० वर्षांनंतर मातीत होतेच.

तेलचोरी आणि चोरटे शुद्धीकरण यांनीही मोठी हानी केली, हे कंपनीचे म्हणणे निराधार नाही. अहवालातही ते नमूद आहे. परंतु १९९३ मध्ये ओगोनीलँडमधील उत्पादन बंद झाल्यानंतरही जुन्या तेलवाहिन्या तेथून जातच राहिल्या, हेही तितकेच खरे. या प्रश्नावर आवाज उठवणारे लेखक केन सारो-विवा यांना लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ सहकाऱ्यांसह फाशी दिले.

पूर्ण सफाईस २५ ते ३० वर्षे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठीच १ अब्ज डॉलर हवेत, असा अहवालाचा अंदाज होता. सरकारी कामाचा शुभारंभ बोडो येथे झाला तो जून २०१६ मध्ये. याच बोडोतील २००८ च्या दोन गळतींबद्दल शेल कंपनीच्या नायजेरियातील शाखेने २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंड देण्याचे मान्य केले. त्यांपैकी ३.५ कोटी १५,६०० दावेदारांसाठी होते, म्हणजे माणशी सुमारे २,२०० पौंड. ज्या खाडीवर घर चालत होते ती खाडी गेल्याची ही किंमत.

गोई आणि ओरुमा या गावांतील गळती २००४-०५ मधली. शेतकऱ्यांनी नेदरलँड्समध्ये दावा लावला तो २००८ मध्ये, आणि कंपनीच्या नायजेरियातील शाखेस हेगच्या अपील न्यायालयाने जबाबदार धरले ते जानेवारी २०२१ मध्ये. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात १.५ कोटी युरोंची तडजोड झाली. मूळ फिर्यादींपैकी काही जण तोपर्यंत हयात नव्हते.