लक्षद्वीपच्या प्रवाळांचा ताप कसा मोजतात?

प्रवाळ हा प्राणी असून त्याचे बहुतांश अन्न त्याच्या ऊतींत वास करणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून येते, हे ध्यानात घेतले म्हणजे समुद्रजलाच्या तापमानाची नित्य नोंद ठेवणे किती अगत्याचे आहे ते उमगते. कारण वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून पाणी अवघा १ अंश अधिक तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो (यालाच विरंजन म्हणतात), आणि उष्मा न ओसरल्यास उपासमारीने मरतो. लक्षद्वीपाने हे १९९८, २०१० व २०१६ साली भोगले आहे.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था उपग्रहांनी टिपलेल्या तापमानावरून विरंजनाचे इशारे देते. मला विशेष मार्मिक वाटते ती जगभर रूढ असलेली संचयाची रीत: मागील १२ आठवड्यांत पाणी सर्वांत उष्ण महिन्याच्या त्या सरासरीहून किती अंश चढले व किती आठवडे तसे टिकले, याचा हिशेब जमेस धरावयाचा, ही जमा ४ वर गेली की विरंजनाची, ८ वर गेली की व्यापक मृत्यूची धास्ती. मात्र उपग्रहाची दृष्टी पाण्याच्या वरच्या पापुद्र्यापुरतीच पोहोचते. म्हणून प्रवाळांलगत बसविलेल्या तापमापकांची आणि क्षारता, आम्लता व गढूळपणा यांच्या मोजणीची जोड अपरिहार्य ठरते, आणि त्यासाठी बुडी मारून उपकरणांवरचे शेवाळ खरवडणाऱ्या पाणबुड्यांचे ऋण मी मनःपूर्वक मानतो.