दत्तकाची वाट कोण पाहतो?

नागपूरचे मूल परदेशी दत्तक जाताना होणाऱ्या विलंबाला श्रद्धेची कसोटी म्हणणे ख्रिस्ती पालकांना सोपे जाते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मात्र दत्तकपणाची वाट पाहतात ती लेकरे, आईबाप नव्हेत. कायद्याचा रोखही मुलाकडेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालापासून आधी देशातले घर शोधले जाते. मूल स्वाधीन करणाऱ्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. मग मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचा बालकल्याण समितीचा निर्णय, पुढे ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र. मुलांचा व्यापार रोखायचा तर या पायऱ्या हव्यातच. तोवर मूल संस्थेतच वाढते, हा आक्षेप खरा आहे. धूळ खाणाऱ्या फायलीला ईश्वरी इच्छा म्हणणे मलाही पटत नाही. अर्ज पाठवणाऱ्या अधिकृत परदेशी संस्थेकडे तारखा मागत राहणे प्रार्थनेच्या आड येत नाही.